उंबरकड्याचं टपाल

सकपाळांच्या लेखी जगात सपाट रस्ता नव्हता. कुठलीही वाट एक तर चढाची, नाहीतर उताराची. आता बहारीन म्हणजे पोळपाट. मीना सलमान बंदरातल्या आमच्या गोदामापासून कुठल्याही दिशेला जा, जमीन बोटभर उंच होत नाही. तरी हे फोर्कलिफ्टवरून ओरडणार, "बाई, ही खोकी वरच्या अंगाला लावू का खालच्या?"

मी ऑफिसच्या खिडकीतून म्हणायची, "सकपाळ, डावीकडे का उजवीकडे ते बोला."

यावर ते माझ्याकडे दयेने बघत. "डावं-उजवं मानूस वळला की बदलतं, बाई. वर ते वरच."

मी वसईची. सत्त्याहत्तर सालापासून गोदामाचं ऑफिस सांभाळत होते आणि ज्याची यादी होत नाही त्यावर माझा विश्वास नव्हता. म्हणून मी सकपाळांचीही यादी केली. मुहर्रक वर. सलमाबाद खाली. टपालपेटी वर. कँटीन खाली. मॅनेजरची केबिन खाली. ही शेवटची नोंद मॅनेजरच्या कानावर गेली आणि ती त्यांना आवडली नाही.

एका शुक्रवारी आम्ही सगळे बसने जबल दुखानला गेलो. बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर. सकपाळ नवा शर्ट घालून आले होते. उतरलो, थोडं चाललो, फोटो काढले. अर्ध्या तासाने त्यांनी हळूच विचारलं, "डोंगर कुठं हाय?"

"तुम्ही त्याच्यावर उभे आहात," मी म्हटलं.

ते खाली वाकून बघायला लागले. परत गोदामाशी उतरल्यावर म्हणाले, "ह्या बेटाला डोंगर बसवायचा राहून गेलाय."

त्यांचं गाव उंबरकडा, साताऱ्याकडच्या डोंगरात. नकाशात नाही, मी दोन नकाशे पाहिले. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आजूबाजूची खोरी बुडाली आणि डोंगराचं बेट झालं. गाव त्या बेटाच्या पोटात. काठाच्या धक्क्यावर लाँच लागते, तिथून दीड तास चढायचं. घरं अकरा. त्या अकरा घरांची बातमी सकपाळ मला रोज सकाळी न विचारता देत. पाटलांची म्हैस लंगडते. खालच्या आळीत भांडण झालं. खालची आळी म्हणजे तीन घरं.

आणि एक नियम ते सगळ्यांना सांगत. मंगळवारची लाँच एका माणसासाठी सोडत नाहीत, पण एका पाकिटासाठी सोडतात. उंबरकड्याचं टपाल असलं तरच ती निघते, आणि तिच्यातूनच मीठ, रॉकेल, औषध येतं. टपाल नाही, तर लाँच नाही. सकपाळ स्वतः सुट्टीवर गेले, तेव्हाही पंधरा दिवस आधी एक रिकामं पाकीट पुढे पाठवून मग निघाले होते.

"तर प्रत्येकानं एक पत्र ल्ह्या," ते कँटीनमध्ये म्हणाले. "काय बी ल्ह्या. तिथं वाचतंय कोन!"

लोकांनी लिहिलं. आठ जणांनी एकाच दिवशी लिहून एकाच दिवशी पेटीत टाकलं. त्या मंगळवारी लाँच आठ पत्रं घेऊन वाजतगाजत गेली आणि पुढचा महिनाभर फिरकलीच नाही. महिन्याने सकपाळ माझ्या टेबलासमोर टोपी काढून उभे राहिले. "बाई, गावात मीठ संपलं. आता तुम्हीच पाळी लावून यादी करा."

मी पाळीची यादी केली, नेमाने लिहितील अशा चौघांची. दर आठवड्याला एक माणूस, एक पत्र. पाकिटावर पत्ता मी लिहायचा, मागे पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव आणि ऑफिसचा पत्ता. पहिल्या आठवड्याला हिशेबनीस कुरियन, दुसऱ्याला चौकीदार खानसाहेब, तिसऱ्याला कस्टमचा अली, चौथ्याला मॅनेजर, मग परत कुरियन. कुणी टाळाटाळ केली की मी सांगायची, "अकरा घरांचं मीठ तुमच्या डोक्यावर आहे." अली "इंशाल्ला" म्हणाला की मी त्याच्या समोर खुर्ची ओढून बसायची.

मॅनेजर एअरकंडिशनरची माहितीपत्रकं पाठवायचे. उंबरकड्यात वीज नव्हती. कुरियनने पहिलं पत्र दोन ओळींचं लिहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की मल्याळममध्ये सासूबद्दल काहीही लिहिलं तरी तिथे कुणाला कळणार नाही. त्याचं पुढचं पत्र सहा पानांचं होतं. खानसाहेब तर लिहिताना डोळे पुसत. काय लिहिलं असं विचारलं तर म्हणायचे, "वो मेरे और गाँव के बीच की बात है." त्यांनी ते गाव जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांगेत उभी राहिलेली बाई, पण इतक्या हलक्या चेहऱ्याने माणसं तिथूनही बाहेर पडताना पाहिली नाहीत.

असं तीन वर्षं चाललं. सकपाळ मात्र स्वतः कधी लिहीत नसत. त्यांना लिहिता येत होतं, गोदामाच्या वहीत त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मग ऑफिसच्या पत्त्यावर, माझ्या नावे, लाँचवाल्याचं कार्ड आलं.

"सौ. बाईंस नमस्कार. उंबरकड्याची दहा घरं मागेच खाली नव्या वसाहतीत उतरली. वर आता फक्त सकपाळांची आई आहे. खाली चल म्हटलं की म्हणते, पाणी वर आलं तरी मी हलले नाही, आता का हलू? तुमचं टपाल असतं म्हणून लाँच सोडावी लागते, म्हणून तिला मीठ-रॉकेल मिळतं. दर मंगळवारी धक्क्यावर उतरून येते. मला परक्या लिप्या येत नाहीत, मी आपलं बनवून वाचतो. एकच अडचण आहे. ती दर वेळी आजवरची सगळी पत्रं पुढे करून विचारते, यातलं माझ्या बाबूचं कुठलं? काय सांगू?"

मी कार्ड घेऊन गोदामात गेले. "सकपाळ, पाटलांची म्हैस कशी आहे?"

"आता बरी हाय. चारा खाती," ते म्हणाले. मग त्यांना माझ्या हातातलं कार्ड दिसलं. त्यांनी फोर्कलिफ्ट बंद केली.

"एका म्हातारीसाठी कोन ल्ह्यायला बसलं असतं, बाई? अकरा घरं म्हटलं की मानूस पेन उघडतो."

"आणि तुम्ही का लिहीत नाही?"

"म्या लिवलं की तिला वाटतं, पोरगं एकटंच बसून लिवतंय." त्यांनी टोपी सारखी केली. "तुम्हा सगळ्यांची गेली की तिला वाटतं, बाबूच्या भवती लई मानसं हायत."

गोदामात खोकी होती, आणि आम्ही दोघं होतो.

"या मंगळवारच्या लाँचचं काय?" त्यांनी विचारलं. "बंद करायची का पाळी?"

"कशाला? यादी यादीच्या जागी आहे," मी म्हटलं.

टेबलाशी येऊन मी यादी पुढे ओढली. तिच्यात माझं नाव नव्हतं. यादी करणाऱ्याचं नाव यादीत नसतं, असा माझा समज होता. तिच्याखालच्या कागदावर सकपाळांच्या वर-खालीची जुनी नोंद होती. मुहर्रक वर, टपालपेटी वर, गोदामाचं मोठं दार वर. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मी कधी पाहिलं नव्हतं. जे जे विमानतळाच्या बाजूला, ते ते सगळं वर होतं.

लाँचवाल्याला मी एक ओळ लिहिली : सगळी बाबूचीच आहेत, त्याच्या माणसांच्या हातून लिहिलेली, असं सांगा.

मग दुसरा कागद घेतला. मला गोष्टीवेल्हाळपणे लिहिता येत नाही, म्हणून मुद्दे घातले. बाबू दोन्ही वेळा जेवतो. खोकला गेला. नवा शर्ट घेतला, निळा. कामात चूक करत नाही. कुरियन, खानसाहेब, अली त्याला विचारल्याशिवाय चहा घेत नाहीत. शेवटी वाटलं, म्हातारी विचारेल की हे सगळं आहे तरी कुठे. तेव्हा तेही लिहिलं.

"तुमचा मुलगा विमानतळापासून थोडा खालच्या अंगाला राहतो. तिथून तुमच्याकडची वाट चढाची आहे, पण त्याच्या पायाखालची आहे."