नऊ नंबरचा नवरदेव

रेल्वेच्या आरक्षण खिडकीत मी एकतीस वर्षं बसलो आणि एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही तिकीट चुकून रद्द झालं नाही. मीच सांगतोय म्हणून खोटं मानू नका. माझ्या निरोपसमारंभात खुद्द साहेबांनी हे भाषणात सांगितलं होतं. आता, त्यांना ते सुचवलं मीच होतं, ही गोष्ट वेगळी.

म्हणूनच आमच्या इथल्या मराठी मंडळाने वधूवर सूचक केंद्राची वही बंद करून सगळी नावं इंटरनेटवर टाकायचं ठरवलं, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मी हात वर केला. एका माणसाने आम्हाला पान तयार करून दिलं. डावीकडे उपवर मुली, उजवीकडे उपवर मुलं, प्रत्येकाचा फोटो, शिक्षण, गोत्र, अपेक्षा, घरचा फोन नंबर. नाव घालायचं तर अर्ज भरायचा. नाव काढायचं तर त्याचा क्रमांक टाकून 'काढा' हे बटण दाबायचं, की लिहून येतं, 'नोंद काढली.' जुनी वही मी स्वतः रद्दीत दिली. आता पुढे पाहायचं, मागे नाही.

"यात काय आहे?" मी वनमालाला, म्हणजे बायकोला म्हणालो. "तिकीट देणं अन् तिकीट कॅन्सल करणं. हे तर मी झोपेत करीन."

"झोपेतच करा," ती म्हणाली. "जागेपणी काय करता ते तर मी पाहूनच राहिली."

या पानावरून पहिलं लग्न जमलं ते आमच्याच घरात. माझी धाकटी बहीण विजया पुरानी बस्तीत राहते. तिचा पुष्कर दहावीत असताना तिचे यजमान गेले. शिकवण्या घेऊन तिने पोराला इंजिनिअर केलं. त्याचं जुळलं समता कॉलनीतल्या ज्ञानदाशी. मुलगी गुणी, तिथल्याच एका दवाखान्यात लोकांचे डोळे तपासते. दोघं एकमेकांना पसंत, रविवारी मंडळाच्या सभागृहात साखरपुडा. सगळं मामाच्या कृपेने, असं मी चारचौघांत सांगत होतो.

सोमवारी सकाळी ज्ञानदाच्या वडिलांचा, अच्युतरावांचा फोन आला.

"नीलकंठराव, तुमच्या पानावर पुष्कररावांचं नाव काहून आहे अजून? खाली लिहिलं आहे, 'वधू पाहिजे.'"

"राहून गेलं असंल. आत्ता काढतो."

"काढा लवकर. मले बरं नाही वाटून राहिलं."

त्यांना बरं का वाटत नव्हतं, ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ज्ञानदाचं एकदा ठरलं होतं. मुलाकडच्यांनी सुपारी फोडली आणि तरीही दुसऱ्या मुली बघणं चालूच ठेवलं. साखरपुड्याला दहा दिवस असताना त्यांनी निरोप धाडला की आमचं दुसरीकडे जमलं. ज्ञानदा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली आणि दिवसभर लोकांचे डोळे तपासत बसली. तेव्हापासून अच्युतराव मात्र ताकही फुंकून पितात.

मी कॉम्प्युटर लावला. एकूण बावीस मुलं, त्यात पुष्कर नवव्या क्रमांकावर. नऊ टाकलं, 'काढा' दाबलं. 'नोंद काढली.' पान उघडून बघतो तर पुष्कर निळ्या शर्टात हसत जागच्या जागी! पुन्हा नऊ टाकलं, दाबलं. 'नोंद काढली.' पान उघडलं. पुष्कर हसतोच आहे. आता, जन्म सरकारी नोकरीत गेलेल्या माणसाचा 'झालं' या शब्दावर विश्वास नसतो. खिडकीतला आमचा जुना कॉम्प्युटरसुद्धा दोनतीनदा दाबल्याशिवाय ऐकत नसे. म्हणून तिसऱ्यांदा, जरा जोर लावून, दाबलं आणि अच्युतरावांना कळवलं, "काढलं."

मंगळवारी त्यांचा फोन. "आहे अजून."

"पान बंद करून पुन्हा उघडा."

"बंद काहून करू? प्रकरण निकाली निघेस्तोवर फाईल टेबलावरून हलवायची नाही, हा माझा नेम आहे."

अच्युतराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मुलीचं लग्न लागेपर्यंत ते पान उघडंच ठेवणार होते. माझ्या आग्रहाखातर त्यांनी ते एकदा बंद केलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "उघडलं. हसून राहिला."

मी चार वेळा दाबलं. बुधवारी पाच वेळा. गुरुवारी अंघोळ करून, देवापुढे उदबत्ती लावून दोन वेळा. प्रत्येक वेळी 'नोंद काढली', आणि प्रत्येक वेळी पुष्कर हसतोय. लहानपणी शाळेच्या फोटोत तोंड पाडून उभा राहणारा हा पोट्टा नेमका इथेच कसा हसला, कोण जाणे.

शुक्रवारी वेगळंच सुरू झालं. बिलासपूरच्या रमाताईंचा फोन आला. त्यांचा शिशिर अकराव्या क्रमांकावर.

"नीलकंठभाऊ, आमचा शिशिर कुठं गेला?"

"कुठं जाईल? माझ्यासमोर तर आहे. चष्मा लावून."

"मी नवा फोन घेतला. त्याच्यात पहिल्यांदा पाहून राहिली. तो दिसतच नाही."

"नवा फोन आहे ना? अजून सगळी नावं पोचली नसतील."

त्यांना ते पटलं. मलाही पटलं. अर्ध्या तासाने दुर्गहून तुळशीरामजींचा फोन, त्यांचाही मुलगा गायब. त्यांना सांगितलं की सकाळपासून लाईन जाम आहे, संध्याकाळपर्यंत येईल. खिडकीत बसलेल्या माणसाकडे उत्तराची कमतरता कधीच नसते.

आणि मग दुपारी विजया आली. पंखा लावला तरी पदराने तोंड पुसत राहिली. ज्ञानदासाठी घेतलेली साडी पिशवीतून बाहेर काढली नाही, नुसती पिशवी मांडीवर ठेवून बसली.

"अच्युतराव म्हणतात, आधी पानाचं होऊ द्या, रविवारचं मग पाहू," ती म्हणाली. "दादा, खरं सांग. तू काढत काहून नाहीस त्याचं नाव? तुले दुसरं कोणतं स्थळ दिसून राहिलं का?"

सख्ख्या बहिणीने असं विचारलं! मला राग आला नाही, वाईट वाटलं. वनमाला तिला पाणी देत म्हणाली, "त्यांना समोरचा पंचा दिसत नाही, स्थळ कुठून दिसंल?" बायको माझ्या बाजूने बोलली, असं अलीकडे हे एकदाच घडलं.

दोष कॉम्प्युटरचाच, असं ठरवून मी संध्याकाळी तो उचलला आणि शंकर नगरच्या दुरुस्तीवाल्याला देऊन आलो. म्हटलं, "भैया, सब पोंछ दो. एकदम कोरा करके देना." आणि शनिवारी सकाळी विजयाला घेऊन समता कॉलनी गाठली.

अच्युतरावांनी आम्हाला बसवलं, कॉम्प्युटरवरचा विणलेला रुमाल बाजूला केला आणि बोट दाखवलं. निळा शर्ट. वधू पाहिजे.

"आता बोला," ते म्हणाले.

"माझ्याही घरी असंच दिसत होतं," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं? अन् मले 'काढलं, काढलं' सांगून राहिले?"

विजयाने माझ्याकडे असं पाहिलं की मला खुर्ची टोचायला लागली. तेवढ्यात ज्ञानदा चहा घेऊन आली. दवाखान्यात निघायच्या तयारीत होती, गळ्यात ओळखपत्र. मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीतच. काय झालं ते ऐकून तिने स्वतःचा फोन काढला.

"मैंने तो ये पेज कभी खोला ही नहीं, बाबा ही देखते थे," असं म्हणत तिने तो उघडला. "बाबा, पुष्कर तो इसमें है ही नहीं. टोटल आठ लड़के हैं."

"आठ?" मी म्हणालो. चहा चुकीच्या मार्गाने गेला.

"मामाजी, आपने नाम हटा दिया था. पर ब्राउजर एक बार जो पन्ना ले आता है ना, उसकी कॉपी अपने पास रख लेता है. अगली बार वही दिखा देता है, ताकि फिर से मंगाना न पड़े. उधर क्या बदला, इसको पता ही नहीं चलता. ताज़ा चाहिए तो बोलना पड़ता है. आप दोनों की आँखें ठीक हैं, पन्ना बासी है."

त्या क्षणी मला चार्ट आठवला. आमच्या वेळी गाडी सुटायच्या आधी प्रवाशांच्या नावांचा कागदी चार्ट डब्याला चिकटवायचे. त्यानंतर कोणी तिकीट रद्द केलं तरी नाव चार्टवर तसंच राहायचं. "चार्ट पाहून भांडू नका, इकडे नवीन विचारा," हे मी लोकांना खिडकीतून घसा कोरडा होईस्तोवर सांगितलंय. आणि इथे पाच दिवस मीच चार्ट पाहत बसलो होतो.

पण आठ? बावीस मुलांतून एक काढला की एकवीस उरतात. मग दुसरी गोष्ट आठवली, आणि मी बोटांवर मोजायला लागलो. रांगेतला एक गेला की मागचा पुढे सरकतो. पुष्कर पहिल्याच दाबण्यात गेला होता. दहावा मुलगा नववा झाला. त्याला मी दुसऱ्यांदा काढलं. मग अकरावा, म्हणजे रमाताईंचा शिशिर. मी एकूण चौदा वेळा दाबलं होतं. नऊपासून बावीसपर्यंत सगळे नवरदेव मी एकेक करून रस्त्याला लावले होते! वही रद्दीत. माझा कॉम्प्युटर कालच कोरा करायला दिलेला. पोरांची नावं, फोटो, गोत्रं, सगळं आता माझ्या माहितीत एकाच जागी उरलं होतं, अच्युतरावांच्या या शिळ्या पानावर.

आणि ज्ञानदा बटणाकडे हात नेत म्हणत होती, "रुकिए, अभी ताज़ा कर देती हूँ."

"थांब!" मी ओरडलो आणि कीबोर्ड पोटाशी धरला.

"काहून थांब?" अच्युतराव उभे राहिले. "दाबू द्या तिले. काय लपवून राहिले तुम्ही?"

"दादा, सोड ना," विजया रडवेली झाली.

बटण दाबलं तर भाच्याचा साखरपुडा वाचतो आणि तेरा घरची पोरं जातात. न दाबावं तर मी लबाड ठरतो. कीबोर्ड तसाच धरून मी सगळं सांगून टाकलं. चौदा वेळा. उदबत्तीसकट.

"चौदा वेळा दाबलं?" अच्युतरावांनी विचारलं.

"हव."

"एक पोट्टा काढासाठी?"

"हव."

ते हळूच खाली बसले. "मागच्या वेळी त्या लोकायनं माझा एक फोन नाही उचलला," ते म्हणाले. "अन् तुम्ही चौदा वेळा दाबलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. तो पुसण्यासारखा मळलेला नव्हता. मग एकदम हेडक्लार्क झाले. "बेटा, आधी याचे कागद काढ. म्हणून म्हणतो, फाईल बंद करायची नाही."

जुन्या पानाचे छापील कागद निघाले. फोटो ज्ञानदाने उतरवून घेतले. मगच तिने बटण दाबलं. पडदा पांढरा झाला, आणि निळा शर्ट गेला. अच्युतरावांनी ती रिकामी जागा बोट लावून तपासली.

"व्याही, तुमचा चहा थंडा झाला," ते मला म्हणाले. 'व्याही' हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं. "दुसरा सांगतो."

विजयाने तेव्हा कुठे पिशवीतून साडी बाहेर काढली.

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी गेलेली सगळी नावं पुन्हा भरली. ते कागदावरून वाचायचे, मी टाइप करायचो, झालं की ते लाल पेन्सिलने खूण करायचे. दोन पेन्शनर एकत्र बसले की काम कसं चोख होतं, हे त्या दिवशी समता कॉलनीने पाहिलं. रमाताईंना आणि तुळशीरामजींना मी कळवलं, "पोचला तुमचा मुलगा."

रविवारी साखरपुडा थाटात झाला. अंगठ्या घातल्या, पेढे वाटले, पुष्कर अगदी फोटोतल्यासारखा हसला. तेवढ्यात विजयाचा फोन वाजला. गलक्यात ऐकू येईना म्हणून तिने स्पीकर लावला.

"नमस्कार, मी राजनांदगावहून बोलते," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "आत्ताच मंडळाच्या पानावर तुमच्या मुलाचा फोटो पाहिला. निळ्या शर्टातला. आमच्या मुलीसाठी पत्रिका मिळंल का?"

पेढे वाटणाऱ्यांनी ताट खाली ठेवलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अच्युतरावांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून घडी केलेले कागद काढले, चष्मा लावला आणि बोट एकेका ओळीवरून खाली आणलं. नऊ क्रमांकावर पुष्कर. पुढे त्यांच्याच हातची ठसठशीत लाल खूण.

"मीच वाचला," ते म्हणाले. "ओळीनं वाचत गेलो ना."

"अन् मी ओळीनं टाइप करत गेलो," मी म्हणालो.

आधी ते हसले. मग विजया हसली, आणि मग राजनांदगावच्या बाईंना सगळं समजावून सांगेपर्यंत पुष्कळ वेळ गेला. मी नऊ नंबर काढायला खिशातून फोन काढला, तर चार माणसांनी माझा हात धरला. त्यात वनमाला सगळ्यात पुढे होती. शेवटी ज्ञानदाने नव्या अंगठीच्या हाताने एकदाच, फक्त एकदाच दाबलं, पान ताजं केलं आणि फोन सगळ्यांना फिरवून दाखवला. एकवीस.

पुढच्या बैठकीत मंडळाने पान तिच्याकडे सोपवलं आणि माझ्या अनुभवाचा मान राखून मला सतरंज्यांचं खातं दिलं. काम चांगलं आहे. सतरंजी एकदा उचलली की ती सगळ्यांनाच उचललेली दिसते. तरी सवयीने मी एकदा वाकून पाहतो.