दहा बोटांची हुशारी

"आपल्या कामात जिभेला कायमची सुट्टी!" असं मास्तर येता-जाता सांगायचे, आणि ते सांगताना त्यांची जीभ काही थांबायची नाही.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. बांधकामावर क्रेनला इशारे देणारे. क्रेनवाला उंच खोक्यात बसतो, त्याला खालचं एक अक्षर ऐकू येत नाही. दिसतात ते फक्त खालच्या माणसाचे हात. बोट वर करून गोल फिरवलं की ओझं वर, खाली करून फिरवलं की खाली. हात लांब केला की त्या बाजूला वळव. अंगठा दाखवला की क्रेनचा लांबलचक दांडा वर घे. दोन्ही हात आडवे पसरले की थांब! अकरा वर्षं मास्तरांनी असे इशारे दिले होते आणि एक वीटसुद्धा फुटली नव्हती. आता परवान्याचं नूतनीकरण होतं. परीक्षेत नापास झाले तर रवानगी थेट गोदामात, खिळे मोजायला.

"डोळे मिटून पास होतो की नाही बघ!" मास्तर बायकोला म्हणाले.

बायकोने देवापुढे दिवा लावला. कारण आदल्याच दिवशी, रविवारच्या भरल्या ताटावर, मास्तरांनी एक घोळ घातला होता. क्रेन चालवणारा होता तिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्या तोंडावर मास्तर म्हणाले होते, "वर बसून दांडे ओढायला काय अक्कल लागते? हुशारी खाली असते, या दहा बोटांत!"

मेहुण्याने शांतपणे घास संपवला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बरं, भाऊजी. उद्यापासून तुमची बोटं सांगतील तेवढंच करीन. जास्त नाही, कमी नाही."

मास्तरांना ती शरणागती वाटली. ती युद्धाची घोषणा होती!

सोमवारी सकाळी परीक्षक आले. वाळलेल्या लाकडासारखे गृहस्थ, हातात वही. त्यांनी पहिल्यांदा मास्तरांचा अडीअडचणीसाठी ठेवलेला वॉकीटॉकी काढून घेतला. "आज फक्त हात," ते म्हणाले. ओझं होतं नव्या वाचनालयाच्या छतावर बसवायची काच. दार नव्हे, खिडकी नव्हे, वीस फुटांची अखंड काच! ती घडवायला चार महिने लागले होते आणि दुसरी नव्हती. छतावर चौकटीपाशी चार कारागीर श्वास रोखून उभे होते.

मास्तरांनी ऐटीत बोट फिरवलं. काच अलगद उचलली गेली. परीक्षकांनी मान डोलावली.

"अगदी पुस्तकात असतं तसं काम!" मास्तर मनात म्हणाले.

"तुमचं जुनं परवानापत्र कुठे आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"ते काय, ऑफिसात!" म्हणत मास्तरांनी हात लांब करून पत्र्याचं ऑफिस दाखवलं.

आणि वीस फुटांची काच ऑफिसकडे निघाली!

अकरा वर्षं ते असेच हात हलवत बोलत आले होते. आजपर्यंत क्रेन कधी अशी कुठे निघाली नव्हती. त्यांनी झटकन दोन्ही हात पसरले. काच थांबली, ती बरोबर ऑफिसच्या पत्र्याच्या वर, अधांतरी.

"हे काय चाललंय?" परीक्षक म्हणाले.

"काही नाही साहेब, सगळं व्यवस्थित!" मास्तरांनी हसून अंगठा दाखवला.

क्रेनचा दांडा कुरकुरत वर गेला. काच हेलकावे खाऊ लागली. ऑफिसातून इंजिनिअर बाई पेन हातात घेऊनच धावत बाहेर आल्या. वर बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मास्तर! ती काच माझ्या डोक्यावर काय करतेय?"

"माझा दोष नाही बाई! वरच्याचं डोकं फिरलंय!" मास्तर ओरडले, आणि मेहुण्याचं डोकं किती फिरलंय ते दाखवायला त्यांनी बोट कपाळापाशी नेऊन गरगर फिरवलं.

काच गरगर वर निघाली. वर, वर, आणखी वर! बाई किंचाळल्या. कारागीर छतावर पालथे पडले. क्रेनचा भोंगा कोकलायला लागला. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक शहाणपणाची गोष्ट केली. दोन्ही हात खिशात कोंबले.

हात दिसेनासे झाले की थांबायचं, हा नियमच आहे. काच थांबली. पण वारा थांबला नव्हता. चार महिन्यांची मेहनत आभाळात दोरीवरच्या चादरीसारखी डुलत होती.

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. "पाच मिनिटं. काच जागेवर बसवा, नाहीतर परवाना इथेच ठेवून घरी जा."

मास्तरांनी एक हात बाहेर काढला. बोटं थरथरत होती. वर काचही थरथरायला लागली! हात पुन्हा खिशात.

अकरा वर्षांत त्यांना हाताची अशी भीती कधी वाटली नव्हती. गोदामातले खिळे डोळ्यांपुढे नाचायला लागले. बायकोला काय सांगायचं? वरच्या खोक्यात मेहुण्याचा चेहरा वाटाण्याएवढा दिसत होता. राग नव्हता त्यावर, काहीच नव्हतं. तो नुसता वाट बघत होता.

शेवटी मास्तर मातीत बसले, दोन्ही हात जोडले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

भोंगा थांबला. बराच वेळ काहीच फुटलं नाही. मग छतावरून कारागिरांचा आवाज आला, "बसली! बसली हो!"

मास्तरांनी एक डोळा उघडला. काच चौकटीत होती. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

"हा कुठला इशारा?" परीक्षकांनी वहीची पानं उलटली. "पुस्तकात नाही."

एव्हाना मेहुणा खाली उतरला होता. "घरगुती आहे, साहेब," तो म्हणाला.

परीक्षकांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि खूप वेळ लिहीत राहिले. परवाना मिळाला, सहा महिन्यांचा. खाली एक अट होती: क्रेनवर हाच माणूस असला पाहिजे, दुसरा नको!

सगळे पांगल्यावर मेहुणा जवळ आला. "भाऊजी, चारचौघांत माफी मागितलीत. एवढं काही नव्हतं हो."

माफी? मास्तरांनी भीतीने हात जोडले होते. माफीची आठवणसुद्धा झाली नव्हती! पण ते म्हणाले, "मागितली ना! चूक माझीच होती." आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की ते खरंच होतं.

"पण एक सांग," त्यांनी हळूच विचारलं, "अकरा वर्षं मी असाच हातवारे करत बोलतोय. कुठला इशारा आणि कुठली बडबड, हे तुला कसं कळायचं?"

"हात बघून नाही कळायचं," मेहुणा म्हणाला. "खरा इशारा देताना तुमच्या जिभेचं टोक बाहेर येतं. खोक्यात दुर्बीण ठेवलीय, तिच्यातून मी तेवढंच बघतो. आज मुद्दाम बघितलं नाही."

मास्तरांनी हात खिशात घातले, आणि जरा विचार करून तोंडही मिटून घेतलं.