कमळाकाकीची गार बोटं

वटारला आमच्या शेजारी राहायला येणार असाल तर आधीच सांगून ठेवते: आमची कमळाकाकी नमस्कार-चमत्कार करत नाही, मान चाचपते.

तिन्हीसांजेला तुम्ही केळीच्या बागेतून येताय, पान हलत नाही, पाऊल वाजत नाही, आणि मागून दोन बोटं जबड्याखाली शिरतात. दिवसभर बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यात भाजी धुऊन गार पडलेली. "मान वर कर. गिळ." तुम्ही किंचाळेपर्यंत बोटं कानामागून गळ्यापर्यंत फिरून आलेली असतात. "साफ आहे. जा."

विजेचं मीटर बघायला आलेला माणूस चप्पल टाकून पळाला. ती अजून काकीच्या पडवीत आहे. माझ्या बहिणीच्या लग्नात काकीनं आहेर देण्याआधी नवरदेवाची मान तपासली. कहर म्हणजे पलीकडचे आजोबा वारले, तेव्हा बाई सरळ मयताजवळ बसली आणि त्यांच्याही मानेवरून बोटं फिरवली. "साफ होती," म्हणाली. रडणाऱ्या बायका माना झाकून मागे सरकल्या. माझ्या अंगावर काटा आला!

एकदा मी वैतागून विचारलंच, "काकी, शोधतेस तरी काय?"

"गाठ. ह्यांना तरुणपणी टीबी झाला होता. गोळ्या पूर्ण घेतल्या, बरे झाले. कित्येक वर्षांनी मानेत गाठ आली. मीच म्हटलं, जुनाच टीबी उठलाय, जाईल. तसेच बसून राहिलो. निघाला लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, टीबी झालेल्या प्रत्येकाला होतो असं नाही, पण अशांना धोका थोडा जास्त दिसतो. गाठ दिसली की अंदाज नको, तपासायचीच. मला मेलीला आधी कोण सांगणार?"

तेव्हापासून मी निमूट मान वर करायला लागले.

परवा संध्याकाळी ती आली आणि माझ्या मानेला हातच लावला नाही. मला तेच भयाण वाटलं. ओट्यावर बसली, पदर बाजूला केला आणि स्वतःची मान वर केली.

"तू बघ. टीबी मलाही झाला होता, ह्यांच्या मागोमाग. माझ्या बोटांवर माझाच भरवसा राहिला नाही."

मी बोटं लावली. कानाखाली वाटाण्याएवढं काहीतरी सरकलं.

"आहे ना?"

खोटं बोलावंसं फार वाटलं, जमलं नाही. "आहे. उद्या सकाळीच दाखवायला जाऊ."

"जाऊ की. ह्या वेळी बसून नाही राहायचं." मी हात काढायला लागले तसा तिनं तो धरून ठेवला. "तुझी बोटं किती गार पडलीत गं! राहू दे जरा. हे गेल्यापासून माझ्या मानेला कोणाचा हात लागलेला नाही."