फिकट आकाशी

आमच्या रंगाच्या कारखान्यात वायरिंगमधलं मला जेवढं कळतं तेवढं कुणालाच कळत नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं!

नव्या मशीनचं पल्स मोजणारं मॉड्यूल मीच बसवलं. डब्यातल्या पांढऱ्या रंगात पाइपातून निळा रंग वाहिला की मीटर ठोके पाठवतो, मॉड्यूल ते मोजतं, आकडा भरला की व्हॉल्व्ह बंद. सोपं काम! पण शेजारची मोटर सुरू झाली की भलतेच ठोके घुसायचे. मी शिल्डेड केबल ओढली, अर्थिंग केलं आणि वर फार भराभर येणारे ठोके खोटे समजून गाळणारा फिल्टरही वाढवून ठेवला. चांगला भरपूर! आता चिटपाखरू आत शिरणार नाही. रंग बारीक धारेनं सोडून चाचणी घेतली. एकूण एक ठोका बरोबर!

त्याच आठवड्यात सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला येणार होत्या. किती विनवण्या करून बायकोनं त्यांना तयार केलं होतं! त्यांना कमी दिसतं, म्हणून खोलीला उजळ रंग हवा होता. फिकट आकाशी.

"माझ्या मशीनचा पहिला डबा पाठवतो!" मी म्हणालो.

मशीन डबे सीलबंद करूनच बाहेर टाकतं. पहिला डबा घरी गेला. दुपारी पेंटरचा फोन.

"साहेब, रंग जरा गडद वाटतोय."

"ओला आहे हो! सुकला की उजळेल."

"पहिला हात सुकलाय, साहेब."

"मग दुसरा मारा! माझं मॉड्यूल थेंब न् थेंब मोजतं!"

पाठोपाठ बायकोचा. "अहो, हा आकाशी आहे?"

"अगं, आकाश काय सकाळचंच असतं का?"

तेवढ्यात मॅनेजर समोर उभे. हातात उघडा डबा. आत शाई! नुसती शाई! पाइप पूर्ण उघडला की ठोके इतके भराभर यायचे, की माझा फिल्टर त्यांतल्या बऱ्याच खऱ्यांनाही उपटसुंभ समजून हाकलून द्यायचा. चोरांसाठी राखणदार ठेवावा आणि त्यानं घरच्या पाहुण्यांनाही फाटकातूनच परत पाठवावं, तसं! मॉड्यूलला वाटायचं, अजून रंग यायचाय. व्हॉल्व्ह आपला उघडाच!

घरी धावलो. पेंटर हात धूत होता. काम बिनचूक, एक कोपरा सोडला नव्हता! बायको खिडकीचे पडदे काढत होती. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिनं हौसेनं आणलेली नवी चादर पलंगावर घडीतच पडली होती. फार वाईट वाटलं हो मला.

दिवस मावळायच्या आत सासूबाई आल्या. बायकोनं खोलीतल्या दोन्ही ट्यूबलाइट लावल्या. सासूबाई दारातच थबकल्या.

"लाइट गेली का गं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "येईल इतक्यात."

"मग लाइट आली की सामान सोडते, जावईबापू." असं म्हणून त्या बाहेर खिडकीपाशी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

पिशवी अजून बांधलेलीच आहे. रोज कामावरून आलो की मी पांढऱ्या रंगाचा ब्रश घेऊन त्या खोलीत लाइट आणायला जातो. अजून काही आलेली नाही!