एका विधवेची खिडकी आणि निकालाच्या अकरा प्रती

सकाळचा उजेड कोणाच्याही अर्जाची वाट पाहत नाही, ही बाब गांभीर्याने घेण्याजोगी आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो पूर्वेच्या उंच काचांतून येतो; आधी कपाटांच्या माथ्यावरची धूळ उजळते, मग पंख्याचे एक पाते, मग झिजलेल्या टेबलाची कड, आणि नऊच्या सुमारास तो माझ्यासमोरच्या पडद्यावर इतका निवांत विसावतो की त्यावरचे एक अक्षरही दिसत नाही. त्याला हलण्यास सांगावे इतका धीटपणा माझ्यात नाही. मी थांबतो.

माझा प्रबंधही उजेडाविषयीच आहे: खिडकीतून येणाऱ्या उजेडावरील हक्काचा न्यायालयीन इतिहास. त्याचा कणा म्हणजे एक जुना खटला. शेजाऱ्याने भिंत चढवली, एका विधवेची खिडकी अंधारली, ती न्यायालयात गेली. तिसरे प्रकरण या खटल्यावर उभे आहे, आणि ते या सोमवारी मंजूर न झाल्यास माझी सहा वर्षांची नोंदणी रद्द होणार होती.

ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह मात्र आदर्श आहे. जुने निकाल जगात कोठूनही पाहता यावेत म्हणून ते डिजिटल केले. ते सुरक्षित राहावेत म्हणून फक्त वाचनकक्षातील दोन संगणकांवर ठेवले. एक निकाल एका वेळी एकाच वाचकास मिळतो (प्रत झिजू नये म्हणून). दर बारा मिनिटांनी यंत्रणा, आपण अद्याप येथे आहात काय, अशी चौकशी करते. इतक्या आस्थेने मला घरीही कोणी विचारत नाही. एकसष्ट टक्के पाने सुवाच्य आहेत, बावीस टक्के अंधुक, आणि उरलेल्या सतरा टक्क्यांवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आहे. (अंगठा फार स्वच्छ आला आहे.) त्याबद्दल मी एकदा भीत भीत ग्रंथपालबाईंकडे तक्रार नेली.

"अंगठा आपल्याच कर्मचाऱ्याचा आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग तो अधिकृतच."

पेन ड्राइव्हवर मात्र हवे तितके उतरवून घेता येते. त्याविषयी नियम करायचा राहून गेला आहे. मी प्रत्येक निकाल उतरवतो, त्याला नाव देतो, वर्षानुसार लावतो, मग विषयानुसार लावतो. आजवर चार हजार तीनशे बारा झाले. एकट्या त्या विधवेच्या निकालाच्या अकरा प्रती आहेत, एक रंगीत. प्रत्येक वेळी अंगात एक सात्त्विक थकवा भरतो. आई फोनवर अभ्यासाची चौकशी करते, मी आकडा सांगतो, आणि तो मागच्या आठवड्याहून मोठा असल्याने आम्हा दोघांनाही बरे वाटते.

सोमवारी मार्गदर्शकबाईंनी प्रकरण चाळले. त्यात खटल्याचा क्रमांक, खंड, पृष्ठे आणि प्रतींची स्थिती यांचे सखोल विवेचन होते. तळटीपा एकशे चाळीस (यंत्रणाच त्या आपोआप घालून देते). बाईंनी चष्मा काढला.

"बाकी ठीक आहे. ती बाई जिंकली की हरली, तेवढं कुठे दिसेना."

हा प्रश्न बहुआयामी आहे, असे मी नम्रपणे सांगितले.

"अरे, भिंत पाडली की नाही पाडली?"

निकालाच्या अकरा प्रती माझ्याकडे आहेत, असे मी सांगितले. बाईंनी कागद नीट जुळवले आणि मंजुरीची चौकट कोरी ठेवून माझ्याकडे सरकवले. वाचकहो, माझा हा मजकूर सवडीने वाचू म्हणून आपण आधीच कोठेतरी जपून ठेवला असेल, तर आपण तरी मला हसू नये. निकाल सहा पानांचा होता. त्यातले एकही पान मी वाचले नव्हते.