सगळेच किम

“‘किम यांचं मत किम यांनी खोडून काढलं, किम यांच्या मते मात्र दोघेही चुकले आहेत.’ बोराम, हा प्रबंध आहे की भाऊबंदकी?” प्रयोगशाळेत तिला सीनियर असलेल्या ताएग्यूने प्रबंध मिटला.

बोरामने हातातलं संत्र्यांचं तबक टेबलावर ठेवलं. शिंपले चिखलात किती खोल जातात, यावरच्या तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा तासाभरात याच खोलीत होती. पास झाली, तर मार्चपासून योसूच्या सागरी केंद्रात नोकरी. नाहीतर पुन्हा वर्षभर चिखल.

घडलं होतं ते साधंच. “वाक्यावाक्यात हे कंसातले आकडे काय टोचतात! माणसांची नावं लिही,” असं तिचे मार्गदर्शक प्यो सर म्हणाले होते. बोराम लाटेक या संगणकावरच्या लेखन-प्रणालीत लिहायची. तिथे प्रत्येक संदर्भ म्हणजे मिसळणाचा डबा असतो. आडनाव एका वाटीत, नाव दुसरीत, साल तिसरीत, लेखाचं शीर्षक चौथीत. हवी ती एकच वाटी उचलून वाक्यात रिकामी करता येते. बोरामने एका आज्ञेत सगळ्या आकड्यांच्या जागी आडनावाची वाटी ओतली, आणि न वाचताच प्रती छापून परीक्षकांना धाडल्या. संगणक बिचारा सांगितल्या कामाचा. पण डोळे मिटून दगड भिरकावला तरी एखाद्या किमलाच लागावा, असा तो देश. आणि शिंपल्यांमागे लागलेले तर झाडून सगळे किम!

“दादा, आता कसं रे?”

“परीक्षक कोण कोण आहेत?”

“मोक्पोचे किम सर, दुसरे ते उंच किम सर, आणि किम मॅडम.”

ताएग्यूने तबकातलं एक संत्रं उचललं. “तू आधी काहीतरी खाऊन घे बाई.”

परीक्षा सुरू झाली. मोक्पोच्या किम सरांनी पेन्सिलीने खूण केलेलं पान उघडलं. “पान बत्तीस. ‘किम यांच्या चिकाटीमुळेच या विषयाला पाया मिळाला.’” त्यांनी कोटाची कॉलर नीट केली. “इतकं उघड लिहायची काही गरज नव्हती हं.”

“हो ना,” उंच किम सर लाजून म्हणाले, “मलाही संकोचल्यासारखं झालं.”

“मी तर घरीसुद्धा कुणाला दाखवलं नाही,” किम मॅडम म्हणाल्या.

मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्यो सर एकाग्रतेने संत्रं सोलू लागले.

“बरं, मग पान अठ्ठावन्न,” मोक्पोच्या सरांचा आवाज बदलला. “‘किम यांचं मोजमाप साफ चुकलं. त्यांनी भरतीची वेळसुद्धा पाहिली नव्हती.’ हा किम कोण?” त्यांनी उंच सरांकडे पाहिलं, उंच सरांनी मॅडमकडे, मॅडमनी पुन्हा मोक्पोच्या सरांकडे.

बोरामने हात वर केला. “ती मी, सर. किम बोराम. तो माझा पहिला लेख. गुडघाभर चिखलात मोजत उभी होते आणि भरती आली. मोजपट्टी गेली, एक बूटही गेला.” मग तिने उरलंसुरलंही सांगून टाकलं. “मी सगळीकडे नुसतं आडनावच काढलंय. कोणता किम कोण, ते कळत नाही. दुरुस्त करते.”

तिघांनी पान अठ्ठावन्न पुन्हा वाचलं. मग मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “आयुष्यभर किमांचे लेख वाचले. स्वतःची चूक छापणारी किम आज भेटली!”

त्यानंतर प्रश्न फक्त शिंपल्यांचे आले, आणि शिंपल्यांच्या बाबतीत बोरामला अडवणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

“दुरुस्ती सावकाश कर,” मोक्पोचे किम सर म्हणाले आणि मंजुरीच्या पानावर आपल्या नावाचा लाल शाईचा शिक्का त्यांनी दाबून मारला. त्यामागोमाग आणखी दोन शिक्के उमटले. जाताना दारात तिघांनीही आपापली वेळ साधून तिच्या कानाशी तेच सांगितलं, “पान बत्तीसचं मी ओळखलं हं. बाकीच्या दोघांना सांगू नकोस.”

त्याच आठवड्यात बोरामने प्रत्येक डब्यातली नावाची वाटीही उचलली. नवी प्रत चाळताना प्यो सर बत्तिसाव्या पानावर थबकले.

“म्हणजे ती स्तुती त्या तिघांपैकी कुणाचीच नव्हती?”

“नाही ना, सर. ती जेजूच्या किम मुंग्यूंची. त्यांनी शिंपले सोडले कधीच, आता बाग करतात. परीक्षेसाठी पेटी त्यांनीच पाठवली होती.”

“कसली पेटी?”

“संत्र्यांची. तिघांनी मिळून संपवली ती.”