चाकणच्या वखारीतली संशोधन संस्था

खांबेटे मास्तरांना तुम्ही चारचौघांत वेडा म्हणा, राग नाही. चहात साखरेऐवजी मीठ घाला, निमूट पितील. पण "मास्तर, याचा उपयोग काय?" असं विचारलंत की संपलंच! "उठा! उपयोग विचारणाऱ्यांसाठी बाहेर बाजार आहे!" शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही त्यांनी असंच वर्गाबाहेर काढलं. साहेबाची समजूत काढायला अर्थात मी!

चाकणच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मी चित्रकला. स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील. मुंबईत म्हणे गणित आणि पदार्थविज्ञानाच्या संशोधनाची मोठी संस्था आहे, हे मास्तरांनी पेपरात वाचलं आणि पेटलेच. "मुंबईला चालते, मग चाकणला काय धाड भरलीय?" आठवड्याभरात सखारामशेठ आडत्याच्या कांद्याच्या वखारीवर पाटी लागली: 'सैद्धांतिक गणित व पदार्थविज्ञान संशोधन संस्था'. पाटी रंगवली मी. संचालक, चिटणीस आणि शिपाई, सगळं खांबेटेच. अर्ध्या वखारीत संस्था, अर्ध्यात कांदे.

एकदा शेठ हौसेनं आत आले. "मास्तर, तेवढं गणित करून सांगा की, ढीग कसा रचला म्हंजी कांदा सडायचा न्हाई?"

"वा! आधी धरू की कांदा पूर्ण गोल आहे."

"धरला."

"आता धरू की तो सडत नाही."

"आवं, सडतच नसंल तर तुमच्याकडं कशाला आलो आसतो!"

शेठ कपाळावर हात मारून गेले, पण वखार काही काढून घेतली नाही. गावात असा एक तरी माणूस पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

मास्तरांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की वखार, आणि वखारीत त्यांचा तो एकच सिद्धांत. कित्येक वर्षं त्यावर खपत होते. जो भेटेल त्याच्या हातात कागद द्यायचे. तो पहिलं पान बघून "वा, वा!" म्हणायचा आणि सटकायचा.

शेवटी त्यांनी मुंबईच्या एका प्राध्यापकांना पत्र धाडलं. आणि काय आश्चर्य, उत्तर आलं! पुण्याहून नाशिकला जाताना वाटेत थांबतो म्हणाले. मग काय विचारता! वखार सारवली, कांदे ताडपत्रीखाली झाकले. शिपायाची टोपी घालून दार उघडायचं आणि आत पळत जाऊन संचालकाचा कोट चढवायचा, असा मास्तरांचा बेत होता. मी हाताला धरून बसवलं त्यांना. दार मी उघडलं, शेठ आपल्या कांद्यांपाशी उभे राहिले.

प्राध्यापक साधा माणूस. पोत्यावर बसले आणि वाचू लागले. चहावर साय धरली तरी मान वर नाही. मास्तरांची जन्मभराची कमाई त्या माणसाच्या मांडीवर पडलेली. मी मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले.

"मास्तर," प्राध्यापक हळूच म्हणाले, "तिसऱ्या पानावर तुम्ही हे धरून चाललात. ते नेहमीच खरं नसतं."

"बुडालं!" शेठ पुटपुटले.

मास्तर कागदावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मग मांडीवर थाप मारून ओरडले, "अहो, खरंच की! चुकलंच!" आणि पाहुण्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेले ते वरातीत निघाल्यासारखे.

मोटार गेली तशी माझा तोल सुटला. "मास्तर, सगळी मेहनत पाण्यात गेली आणि दात काय काढताय?"

"कदम, सिद्धांत गेला हो, गेलाच तो." धुरळा खाली बसला तरी ते नाशिकच्या रस्त्याकडेच बघत होते. "पण आजवर त्या तिसऱ्या पानावर मी एकटाच होतो."